ज्ञाती, गाव आणि नागरिक : प्राचीन ग्रीकांचा एक धडा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात जव्हार येथे एका निवृत्त शिक्षकांनी दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी यंदाच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा मला केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि जव्हार-मोखाड्याच्या या डोंगरपट्टीत, पाड्यापाड्यांवरील शाळांतून मुलांना बाराखडी आणि पाढे शिकविण्यात माझे आयुष्य गेले. ग्रीक भाषा मला येत नाही. मराठीतून जे वाचावयास मिळाले आणि वर्गात मुलांना सांगता सांगता जे मनात मुरले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीकांचा आणि आपला संबंध काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, जो प्रश्न त्यांच्यापुढे होता तोच आज आपल्यापुढे आहे. आपले आजे-पणजे ‘प्रजा’ होते. या जव्हारात मुकणे घराण्याच्या राजांची गादी सुमारे सहा शतके होती. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्या वडिलांनी व आयांनी मतपेटीत मत टाकले. एका पिढीच्या डोळ्यांदेखत प्रजेचा नागरिक झाला. परंतु नागरिक होणे म्हणजे केवळ मत टाकणे काय? माणूस जन्मतो तो एखाद्या कुळात, एखाद्या ज्ञातीत. त्याच्यावर न्याय मात्र कोणाचा चालावा, कुळाचा की राज्याचा? आणि सगळे एका बाजूला व तो एकटा दुसऱ्या बाजूला असा प्रसंग आला, तर त्याचे रक्षण कोणी करावे? या प्रश्नांचा विचार लेखी स्वरूपात ज्यांनी फार पूर्वी केला, त्यांत अथेन्स नगरीचे लोक अग्रभागी होते. त्यांनी काही साधले, काही बिघडविले. दोन्हींपासून शिकण्यासारखे आहे.

प्रारंभ कर्जापासून करावा लागतो. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आरंभी अथेन्सच्या आसपासचा गरीब शेतकरी धनिकांच्या कर्जात बुडालेला होता. गहाण पडलेल्या जमिनीत दगड रोवलेले असत. शेत गहाण टाकून भागले नाही म्हणजे तो स्वतःचा देह गहाण टाकी, आणि कर्ज फिटले नाही की तो, त्याची बायको आणि मुले गुलाम होत. कित्येकांची तर परमुलखात विक्री झाली. इ. स. पूर्व ५९४ साली सोलोन नावाचा पुरुष मुख्य अधिकारी झाला. त्याने ती कर्जे रद्द केली, शेतांतील दगड उपटविले, परदेशी विकल्या गेलेल्यांपैकी अनेकांना परत आणविले आणि असा कायदा केला की, यापुढे कोणीही माणसाच्या देहावर कर्ज देऊ नये. या सुधारणेला ग्रीकांनी ‘ओझे झटकून टाकणे’ असे सार्थ नाव दिले.

हे ऐकताना आपल्या जिल्ह्यातील कोणाही वृद्धाला ‘लग्नगडी’ हा शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही. लग्नासाठी सावकाराकडून थोडे कर्ज काढावयाचे आणि त्यापायी वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबावयाचे. नवी नवरीसुद्धा त्याच घरच्या कामाला जुंपली जावयाची. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात ही स्थिती नमूद झाली आहे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळील झरी गावी वारली बांधवांची मोठी सभा भरली आणि वेठ व लग्नगडी या दोन्ही प्रथांविरुद्ध लढा उभा राहिला. पुढे घटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीस मनाई केली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी मुळापासून रद्द ठरविली. सोलोनचे काम आपल्याकडे अडीच हजार वर्षांनी झाले, असे म्हणावयास हरकत नाही. ते पुरते झाले काय, हे आपण आपल्या मनाला विचारावे. दिवाळी आटोपली की मोखाड्याच्या व जव्हारच्या पाड्यांवरून वीटभट्टीकडे निघणारी कुटुंबे अद्यापि दिसतात, आणि त्यांतील अनेकांनी पावसाळ्यातच ‘उचल’ घेतलेली असते. उचल घेतलेल्या माणसाला भट्टीवर मजुरीचा हिशेब मागण्याची हिंमत होत नाही. ज्याचा देह गहाण आहे, त्याची जीभही गहाण असते, आणि ज्याची जीभ गहाण आहे तो नागरिक कसला?

पुढे ॲरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याच्या नावावर अथेन्सच्या राज्यव्यवस्थेविषयी एक ग्रंथ आला. तो शतकानुशतके नाहीसा झाला होता. इजिप्तमध्ये सापडलेल्या जुन्या गुंडाळ्यांवरून १८९१ साली तो प्रथम छापला गेला. त्यात सोलोनच्या कायद्यांतील सर्वांत लोकहिताच्या म्हणून तीन गोष्टी सांगितल्या आहेत. देहावर कर्ज देण्यास बंदी, ही पहिली. दुसरी अशी की, अन्याय कोणावरही होवो, त्याच्या वतीने दाद मागण्याचा अधिकार कोणाही नागरिकास असावा. आणि तिसरी, अधिकाऱ्याच्या निवाड्यावर लोकांच्या न्यायालयाकडे धाव घेता यावी.

यांतील दुसरी गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. ज्याला मारले तो बहुधा बोलू शकत नाही. तो भ्यालेला असतो, निरक्षर असतो, कर्जात असतो. म्हणून शेजाऱ्याने त्याच्यासाठी बोलले पाहिजे, आणि शेजाऱ्याचे नाते रक्ताचे वा जातीचे असण्याची गरज नाही. गोदावरी परुळेकर वारल्यांच्या जातीच्या नव्हत्या. तरी त्यांच्यासाठी त्या रानोमाळ हिंडल्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८० नंतरच्या दशकात दगडखाणींतील वेठबिगारांविषयी आलेले एक पत्र अर्ज म्हणून दाखल करून घेतले आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वतीने दुसऱ्यानेही दाद मागावी, हा मार्ग रुंद केला.

तिसरी गोष्ट न्यायालयाची. अथेन्सच्या भरभराटीच्या काळी तीस वर्षांवरील नागरिकांतून दरवर्षी सहा हजार न्यायपंच चिठ्ठ्या टाकून निवडीत. खटल्याच्या महत्त्वाप्रमाणे दोनशे, पाचशे किंवा त्याहून अधिक पंच एका वेळी बसत. त्यांना रोजचा भत्ता मिळे, त्यामुळे गरिबालाही न्यायासनावर बसता येई. मत गुप्त असे. वकील नसत, वादी-प्रतिवादींनी आपले म्हणणे स्वतः मांडावयाचे. बोलण्याची वेळ पाण्याच्या घड्याळाने मोजीत. लग्नमुहूर्तासाठी आपल्याकडे घंगाळात घटिकापात्र सोडीत, त्याच जातीचे ते साधन. वरच्या भांड्यातील पाणी खालच्या भांड्यात गळून संपले की भाषण संपले. फिर्यादीला जेवढे पाणी, तेवढेच आरोपीला. धनिक असो वा दरिद्री, पाणी सारखे! न्यायाची याहून सोपी व्याख्या मला कोठे आढळली नाही. ज्या भागात एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्या टँकरची वाट पाहत उभ्या असतात, त्या भागातील आपणां सर्वांना ‘सारखे पाणी’ या शब्दांचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

आता मी या व्याख्यानाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कारण तो आपल्या मंडळाशी निगडित आहे.

सोलोननंतर सुमारे शंभर वर्षांपर्यंत अथेन्सचा माणूस ओळखला जाई तो कुळावरून. चार जुन्या जमाती होत्या, त्यांच्या पोटात भाऊबंदांची मंडळे होती. या मंडळांना ते ‘फ्रात्रिया’ म्हणत. हा शब्द आपल्या ‘भ्रातृ’ शब्दाचा सख्खा भाऊ होय. दरवर्षी शरद ऋतूत त्यांचा तीन दिवसांचा उत्सव असे. पहिल्या रात्री सहभोजन, मग देवकार्य, आणि तिसऱ्या दिवशी नव्या पिढीतील मुलांना मंडळापुढे आणून त्यांची नोंद करीत. आपला हा मेळावा, हे सहभोजन, दहावी-बारावीच्या मुलांचा हा सत्कार पाहिला की वाटते, ते ग्रीक आज येथे आले असते तर त्यांना आपण घरीच आहोत असे वाटले असते!

परंतु या कुळांतील बडी घराणी सत्तेसाठी एकमेकांशी झगडत, आणि सामान्य माणूस आपल्या कुळप्रमुखाच्या मागे मेंढरासारखा ओढला जाई. इ. स. पूर्व ५०८ च्या सुमारास क्लैस्थेनिस या पुढाऱ्याने यावर उपाय काढला. त्याने नागरिकत्वाची नोंद कुळातून काढून गावात नेली. एकंदर १३९ गावे व वस्त्या हे राज्याचे घटक ठरले, आणि अठरा वर्षांचा मुलगा आपल्या गावच्या नोंदीत नागरिक म्हणून दाखल होऊ लागला. चार जुन्या जमातींच्या जागी त्याने दहा नव्या केल्या, आणि प्रत्येकीत तीन तुकडे घातले : एक समुद्रकाठचा, एक नगरातला व एक आतल्या मुलखातला. २०१४ साली निर्माण झालेल्या आपल्या पालघर जिल्ह्याचे वर्णन आपण सागरी, नागरी आणि डोंगरी असे करतो. तशीच ती योजना होती. मच्छीमार, नगरवासी आणि डोंगरातला शेतकरी यांनी खांद्याला खांदा लावून लढावे आणि एकाच मंडळात बसून कारभार करावा, असा त्यातील हेतू. माणसाने बापाच्या नावाऐवजी गावाच्या नावाने ओळख सांगावी, म्हणजे नवा कोण आणि जुना कोण हा भेद उघडा पडणार नाही, असेही त्याच्या मनात असल्याचे तो जुना ग्रंथ सांगतो.

बंधुभगिनींनो, याच ठिकाणी क्लैस्थेनिसचे शहाणपण पाहण्यासारखे आहे. त्याने कुळे मोडली नाहीत. भ्रातृमंडळे, त्यांचे देव, त्यांचे पौरोहित्य, त्यांचे उत्सव हे सर्व ज्याच्या त्याच्या परंपरेप्रमाणे चालू ठेवले. मात्र राज्याच्या कारभाराची आणि सैन्याची मांडणी त्याने गावावर केली, कुळावर नव्हे. कुळाने देवकार्य सांभाळावे, मंगलकार्य सांभाळावे; माणूस राज्याचा नागरिक कोणत्या नात्याने, हे मात्र कुळाच्या हाती नसावे. मला आज जे सांगावयाचे आहे ते सगळे या एका वाक्यात आले.

ग्रीकांची स्तुती करताना त्यांचे दोष झाकणे हा शिक्षकाचा धर्म नव्हे. ज्या अथेन्सने आपल्या शेतकऱ्याला गुलामगिरीतून सोडविले, त्याच अथेन्सच्या घरांत आणि चांदीच्या खाणींत परक्या मुलखातून आणलेले हजारो गुलाम राबत होते. स्त्रियांना नागरिकसभेत आसन नव्हते. पिढ्यान् पिढ्या तेथे राहून कर भरणारे परके व्यापारी परकेच राहिले. इ. स. पूर्व ४५१ पासून तर आई व बाप दोघेही नागरिकांच्या पोटचे असल्याखेरीज मुलाला नागरिकत्व मिळेना. म्हणजे कुळाला दारातून बाहेर घालविले आणि तेच खिडकीतून आत आले. या बाबतीत आपली राज्यघटना अथेन्सच्या कितीतरी पुढे आहे. तिने स्त्री-पुरुष, सवर्ण-अस्पृश्य, राजा-रंक सर्वांना एकेक मत दिले. घटनेचा मसुदा मांडताना नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राज्याचा घटक म्हणून गाव न घेता व्यक्ती घेतली आहे, याबद्दल समाधान व्यक्त केले होते. क्लैस्थेनिसने माणसाला कुळातून गावात आणले; आपल्या घटनेने त्याला एक पाऊल आणखी पुढे नेले आणि व्यक्ती म्हणून उभे केले.

व्यक्ती म्हणून उभे राहणे किती कठीण असते, हे अथेन्सच्याच एका प्रसंगावरून सांगतो. सॉक्रेटिसाला इ. स. पूर्व ३९९ मध्ये विषाचा पेला प्यावा लागला, ही कथा आपण शाळेत वाचलेली असते. त्याच्या सात वर्षे आधीची गोष्ट तितकीशी ठाऊक नसते. इ. स. पूर्व ४०६ मध्ये अर्गिनुसाय बेटांजवळ अथेन्सच्या आरमाराने मोठा विजय मिळविला. पण वादळामुळे फुटलेल्या जहाजांवरील माणसांना वाचविता आले नाही. नगरात शोकाचा व संतापाचा डोंब उसळला. आठ सेनापतींवर आरोप आला. त्यांतील सहा परत आले होते. सर्वांचा निवाडा एकाच मताने, एकदम करावा, असा ठराव नागरिकसभेपुढे आला. कायदा सांगत होता की, प्रत्येकाचा विचार वेगवेगळा झाला पाहिजे. सभेचे काम चालविणाऱ्यांत त्या दिवशी सॉक्रेटिस होता. लोक ओरडत होते, धमक्या देत होते. इतर सारे नमले. त्याने एकट्याने सांगितले की, कायद्याविरुद्धचे हे मत मी घेऊ देणार नाही. त्याचे कोणी ऐकले नाही. सहाही सेनापती मारले गेले. काही काळाने लोकांचा राग ओसरला आणि त्यांना पश्चात्ताप झाला. पण मेलेले परत आले नाहीत.

सभा मोठी होती, मतदान झाले होते, बहुमत स्पष्ट होते. तरीही तो न्याय नव्हता. कारण प्रत्येक माणसाचा निवाडा त्याच्या स्वतःच्या कृत्यावरून, वेगळा, त्याचे म्हणणे ऐकून व्हावयास हवा, ही गोष्ट पाळली गेली नाही.

आता माझ्या मनातली गोष्ट. अथेन्समध्ये आणखी एक प्रथा होती. वर्षातून एकदा नागरिकांना विचारीत की, राज्याला धोकादायक असा कोणी बलिष्ठ माणूस आहे काय? होय असे ठरले तर पुढे एका दिवशी प्रत्येकजण फुटक्या खापराच्या तुकड्यावर एक नाव कोरून देई. ही खापरे हजारोंनी उत्खननात सापडली आहेत. किमान सहा हजार खापरे पडल्यास ज्याचे नाव सर्वांत अधिक, त्याला दहा वर्षे नगराबाहेर जावे लागे. अरिस्तैदीस नावाचा एक पुरुष ‘न्यायी’ म्हणून प्रसिद्ध होता. प्लुटार्क या चरित्रकाराने अशी आख्यायिका दिली आहे की, एका निरक्षर खेडुताने त्याला न ओळखता त्याच्याच हाती खापर दिले आणि अरिस्तैदीसाचे नाव लिहावयास सांगितले. त्याने तुझे काय वाईट केले, असे विचारता तो म्हणाला, काही नाही. पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो, याचा मला कंटाळा आला! अरिस्तैदीसाने निमूटपणे आपले नाव लिहून दिले. इ. स. पूर्व ४८२ मध्ये तो हद्दपार झाला आणि दोनच वर्षांनी इराणच्या स्वारीच्या वेळी त्याच नगरीने त्याला परत बोलाविले.

ही प्रथा ऐकली की आपल्याला ‘वाळीत टाकणे’ आठवते. पण तुलना केल्यावर मान खाली घालावी लागते ती आपल्यालाच. ग्रीकांच्या हद्दपारीला दहा वर्षांची मुदत होती. आपल्या बहिष्काराला मुदत नसे. तेथे सहा हजार मते लागत. येथे पाच-सात पंचांचे डोके पुरे होई. तेथे गेलेल्याचे शेत, घर, नागरिकत्व शाबूत राहत असे आणि शिक्षा त्याच्या एकट्याची असे. येथे बायको, मुले, म्हातारे आईबाप सगळे एकदम वाळीत. रोटीव्यवहार बंद, बेटीव्यवहार बंद, विस्तव बंद, आणि शेवटी तिरडीला खांदासुद्धा बंद.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली एका विधवेशी विवाह केला. त्यांचे गाव कोकणातील मुरुड. गावकऱ्यांनी ठराव केला आणि कर्व्यांना घरात घेतल्यास त्यांच्या आईवर व भावावरही बहिष्कार पडेल, असे ठरविले. ज्यांनी कोणाचे काही बिघडविले नव्हते अशा माउलीला आपल्या मुलासाठी दार लावून घेण्याची पाळी यावी, याला काय म्हणावे? पुढे त्याच कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न हा किताब मिळाला. अरिस्तैदीसाप्रमाणेच, ज्याच्या नावाचे खापर एका काळी फोडले, त्याचेच नाव दुसऱ्या काळी मिरविले गेले.

कर्वे थोर होते, म्हणून त्यांची कथा इतिहासात राहिली. साध्या माणसांची कोठे राहते? मी नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत एका पाड्यावर शिक्षक होतो. गावाचे व ज्ञातीचे नाव मी घेणार नाही. तिसऱ्या इयत्तेतील एका मुलाच्या थोरल्या बहिणीने जातीबाहेर लग्न केले, म्हणून पंचांनी ते घर वाळीत टाकले होते. त्या वर्षी पावसाळ्यात त्याचे आजोबा वारले. तिरडी उचलण्यास बाप, दुसऱ्या गावाहून आलेला मामा आणि परक्या जातीचे दोन मजूर एवढीच माणसे होती. काही दिवसांनी मुलगा शाळेत आला. तो नेहमी पहिल्या रांगेत बसे. त्या दिवशी तो दाराजवळ, सर्वांपासून दूर, भिंतीला टेकून बसला. त्याला कोणी हाकलले नव्हते. मी पुढे बोलाविले तेव्हा तो आला. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा दारापाशी जाऊन बसला. आठ वर्षांच्या मुलाने पंचांचा निवाडा स्वतःवर बजावून घेतला होता. बहिणीने काय केले हे त्याला नीटसे समजतही नव्हते. प्रत्येकाचा निवाडा वेगळा, हे सॉक्रेटिसाचे म्हणणे मला पुस्तकात वाचून जेवढे कळले नाही, तेवढे त्या मुलाने शिकविले.

कायद्याने या बाबतीत बराच मोठा प्रवास केला आहे. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला; तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द ठरविला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध मोहीम चालविली, आणि २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला. जुलै २०१७ पासून तो अमलात आहे. वाळीत टाकणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि बहिष्कार अंगणात असतो. अंगणातले काम आपल्यालाच केले पाहिजे.

मग ज्ञातिमंडळे बंद करावी काय? मी तसे म्हणत नाही. म्हणत असतो तर येथे उभा राहिलो नसतो. परमुलखात शिकावयास गेलेल्या मुलाला ज्ञातीच्या घराचा आधार मिळतो, मंडळाच्या मदतीने गरिबाच्या मुलीचे शिक्षण होते, दुःखाच्या वेळी चार माणसे धावून येतात. हे सर्व राहावे, वाढावे. क्लैस्थेनिसाने भ्रातृमंडळे ठेवली, तशी आपणही ठेवावी. मात्र न्यायासन ज्ञातीच्या ओट्यावरून उचलून ठेवावे. या दृष्टीने मी मंडळापुढे चार विनंत्या नम्रपणे ठेवतो.

पहिली, मंडळाच्या घटनेत स्पष्ट कलम घालावे की, हे मंडळ कोणाही व्यक्तीला किंवा घराला दंड करणार नाही, वाळीत टाकणार नाही आणि तसे करणाऱ्यास साहाय्य देणार नाही. विवाह कोणी कोणाशी केला, याचा हिशेब मंडळाने ठेवू नये.

दुसरी, घरगुती तंट्यात मंडळाने समेटासाठी जरूर बसावे. पण दोन्ही पक्षांची संमती असेल तरच. दोघांनाही बोलण्यास सारखा वेळ द्यावा, ऐकणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात आणि समेट झाला नाही तर न्यायालयाचा रस्ता मोकळा असावा. मारहाणीच्या व गुन्ह्याच्या बाबी मंडळाने हातातच घेऊ नयेत.

तिसरी, मंडळाच्या शिल्लक निधीतून अडल्या घराला पावसाळ्यात बिनव्याजी थोडी रक्कम देता येईल अशी सोय करावी, मग ते घर आपल्या ज्ञातीचे असो वा नसो. एक घर जरी उचल न घेता दिवाळी साजरी करू शकले, तरी सोलोनचे काम आपण केले असे होईल.

चौथी विनंती तरुणांस. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि महाराष्ट्राने २०१४ साली केलेल्या नियमांनी येथील ग्रामसभेला मोठे अधिकार दिले आहेत. एखाद्या पाड्यालाही आपली स्वतंत्र ग्रामसभा करता येते. वनहक्काच्या कामी ग्रामसभेत निम्मे सभासद हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत निदान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. अथेन्सच्या टेकडीवरील सभेला हे भाग्य लाभले नव्हते. या सभेला जा. ज्ञातीचे म्हणून गट करून बसू नका. गावचे म्हणून बसा. एखादा कातकरी, एखादी विधवा उभी राहून सगळ्यांना न रुचणारे बोलू लागली, तर तिला पुरते बोलू द्या. तुम्हाला तिचे म्हणणे पटलेच पाहिजे असे नाही. पण तिला मध्येच खाली बसविले जात असेल, तर तुमच्यापैकी एकाने तरी उठून सांगावे की, यांचे पाणी अजून संपलेले नाही.

माणसे एकत्र राहिली की बहुमत असणारच. ते चांगलेही असेल, वाईटही असेल. अथेन्सच्या बहुमताने सोलोनचे कायदे पाळले आणि त्याच नगरीच्या बहुमताने सॉक्रेटिसाचा जीवही घेतला. म्हणून कोणत्याही समाजाची परीक्षा तो आपल्या श्रीमंतांना किती हार घालतो यावर होत नाही. त्याच्या विरुद्ध उभ्या असलेल्या एकट्या माणसाला तो कसे वागवितो, यावर होते. आपले मंडळ या परीक्षेत उत्तीर्ण व्हावे, ही इच्छा व्यक्त करतो. वरील विनंत्यांचा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत यावा, अशी अध्यक्ष महाराजांस प्रार्थना करतो.